दिग्या, त्या रविवारी फोन एंगेज होता

दिग्या, तुझ्या शोकसभेत मला दोन मिनिटं दिली होती. मला! दोन मिनिटांत माझा नमस्कारसुद्धा पुरा होत नाही. मी आपला तुझ्या जन्माच्या जरा आधीपासून सुरुवात केली, आणि आपण दोघं चौथीत पोचतो न पोचतो तोच कोणीतरी माइकची वायर काढली. वर मला सांगतात, लाइट गेले. पंखा फिरतोय, ट्यूबलाइट चालू आहे, आणि म्हणे लाइट गेले. तू असतास तर खालमानेनं हसला असतास आणि बाहेर चपला घालताना एवढंच म्हणाला असतास, "सुऱ्या, तुला विचारलं होतं का कोणी?"

म्हणून आता लिहायला बसलोय. कागदाची वायर कोण काढतो ते बघू.

सभेत जो तो उठून म्हणत होता, दिगंबरराव फार मितभाषी. मितभाषी म्हणे! अरे, मितभाषी माणसाला बोलायचंच नसतं. तू प्रश्नाची वाट बघणारा माणूस होतास. प्रश्न आला की व्यवस्थित, पुरं, मुद्देसूद उत्तर. नाही आला तर तू आपला बसलेला. दवाखान्यातसुद्धा तेच केलंस. डॉक्टर आले, कागद बघितले, गेले. मी म्हटलं, "अरे, छातीत दुखतंय ते सांगितलं नाहीस त्यांना?" तर म्हणतोस, "त्यांनी पोटाचं विचारलं." मी धावत जाऊन डॉक्टरांना परत आणलं. माझ्या त्या धावण्यानं दवाखान्याच्या फरशीला तडा गेलाय, हवं तर जाऊन बघावं कोणीही.

आपलं इंटरनेट जोडून द्यायचं दुकान लोकांना आठवतंय. नाशकात गंगापूर रोडला, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, दोन खुर्च्या आणि एक स्टूल. मी बोलायचो आणि तू करायचास, अशी आपली भागीदारी. गिऱ्हाईक आत आलं की मी त्याला इंटरनेटवर दिसणाऱ्या गोष्टी सांगायचो. त्यातल्या निम्म्या अजूनही इंटरनेटवर आलेल्या नाहीत. आणि मग तू पेचकस खिशात टाकून त्याच्या घरी जायचास आणि ज्या आहेत तेवढ्या दाखवायचास.

आत्ताच्या पोरांना हे सांगून पटत नाही. त्यांच्या घरी इंटरनेट चोवीस तास पडलेलं असतं, नळाच्या पाण्यापेक्षा जास्त. तेव्हा त्याला बोलवावं लागायचं. टेलिफोनची वायर मोडेमला लावायची. मोडेम फोन फिरवायचा. मग अलीकडचं यंत्र आणि पलीकडचं, इंटरनेट कंपनीचं यंत्र एकमेकांवर अशी काही किंचाळायची की गंगापूर रोडची कुत्री शेपूट घालून गोदावरीपर्यंत पळायची आणि मळ्यातले द्राक्षांचे घड आपोआप गळून पाटीत पडायचे. (मी पाहिलंय. तू नाही म्हणायचास, पण तू तेव्हा टेबलाखाली वायर शोधत होतास.) किंचाळणं संपलं की पडद्यावर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात पलीकडचं यंत्र विचारायचं, लॉगिन? म्हणजे तू कोण? नाव टाइप करायचं. मग विचारायचं, पासवर्ड? तो टाइप करताना पडद्यावर काही उमटायचं नाही, सगळा आंधळा कारभार. एक अक्षर चुकलं किंवा बोट जरा रेंगाळलं की पलीकडचा फोन आपटायचा. पुन्हा फिरवा, पुन्हा किंचाळी, पुन्हा कुत्री.

घोटीच्या भातगिरणीत हे पुरतं सोडवलंस तू. गिरणीचे मालक म्हणजे आडवा देह, बोटं केळ्यांएवढी. एक की दाबायला गेले की तीन दाबल्या जायच्या. पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो हे आपण त्यांना सांगितलं होतं, पण गिरणीच्या आवाजात त्यांना एकच स्वर ठाऊक. एकेक अक्षर ते ओरडून म्हणत आणि मग दाबत. हमालांना पासवर्ड पाठ झाला, मालकांना नाही.

"म्या टाकतोय आन् दिसत का नाय?" ते म्हणाले.

"काका, ते लपवतंय," मी म्हटलं.

"माझ्यापासून? माझाच पासवर्ड?" त्यांनी कीबोर्ड पुढे सारला. "घेऊन जा हे. ह्याच्यापरीस उखळात भात सडणं सोपं हाय."

मी त्यांची समजूत घालायला सुरुवात केली. अमेरिकेतले लोक पासवर्ड कसा टाकतात, जपानात कसा टाकतात, सगळं सांगितलं. तोवर तू तांदळाच्या पोत्यावर बसून, मांडीवर कीबोर्ड घेऊन, कॉम्प्युटरनं काय करायचं ते सांगणाऱ्या पाच-सहा ओळी लिहिल्यास. त्या ओळी मला अजून येतात. फोन जोडला की गप्प थांब. पलीकडून लॉगिन असं दिसेपर्यंत थांब. दिसलं की नाव पाठव. मग परत थांब. पासवर्ड असं दिसलं की पासवर्ड पाठव. संपलं. त्यातही लॉगिन या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर तू गाळलंस, कारण कधी पलीकडून ते मोठ्या लिपीत यायचं, कधी लहान. "कोणी मोठ्या तोंडानं विचारलं काय, लहान तोंडानं विचारलं काय," तू म्हणालास, "प्रश्न तोच आहे ना."

मग मालकांना एकच बटण दाबायला सांगितलंस. फोन फिरला, किंचाळला, काळी खिडकी उघडली, नाव आपोआप गेलं, पासवर्ड आपोआप गेला, आणि आपण आत. मालक पडद्याकडे बघतच राहिले.

"ह्याला कळतं व्हय, कवा बोलायचं ते?"

"विचारलं की बोलतं, काका," तू म्हणालास.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी अजून जपानातच होतो. "मग ह्या सायबांना बी बसवा की हे."

त्या दिवशी हमाल हसले, गिरणीचा पट्टा हसला, मला तर वाटतं भातसुद्धा हसलं. तू मात्र परत येताना एस्टीत खिडकीकडे तोंड करून बसलास, आणि तुझे खांदे घोटी फाट्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत हलत होते.

त्यानंतर नाशकात ज्याच्या त्याच्या घरी तुझ्या त्या ओळी बसल्या. आणि आपला वाद सुरू झाला, जो अजून संपलेला नाही. मी म्हणायचो, "दिग्या, हे थांब थांब लिहिलंयस, पण किती वेळ थांबायचं?"

"विचारेपर्यंत."

"आणि विचारलंच नाही तर?"

"विचारतात."

"अरे, पण पलीकडचं यंत्र मेलं असलं तर? अर्ध्या मिनिटाचा टाइमआउट टाक. तेवढ्यात नाही विचारलं तर फोन ठेवून द्यायचा."

"आपली लाइन खराब. कधी वेळ लागतो. आणि थांबायला बसलेल्यानं घड्याळ बघायचं नसतं, सुऱ्या."

हा काय युक्तिवाद झाला? पण तू टाइमआउट टाकला नाहीस तो नाहीसच. आणि पहिला तडाखा माझ्याच घराला बसला.

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माउस पकडता यायचा नाही. ते तो उचलून हवेत धरायचे. म्हणून तू त्यांच्यासाठी खास सोय केलीस. कॉम्प्युटर चालू केला की तो स्वतःच फोन लावणार, स्वतःच नाव सांगणार, पासवर्ड देणार. नानांची झोप मोडू नये म्हणून मोडेमचा भोंगाही बंद केलास. आमचं घर गंगापूर रोडवरचं पहिलं असं घर की जिथं इंटरनेट चोरपावलांनी यायचं.

त्याच सुमारास आपण चांदवडला मुलगी बघायला गेलो. आई, नाना, मी आणि तू. वाटेत तू मला एकच गोष्ट पढवलीस. "पहिल्यांदा थांब. त्यांनी विचारलं की मगच बोल. जेवढं विचारलं तेवढंच." मी शपथ घेतली. मळ्यातल्या त्या घरात शिरलो, कांदेपोहे आले, रेखा आली, समोर बसली, आणि माझी शपथ पोह्यांबरोबर पोटात गेली. मी सुटलो. नाशकाचं द्राक्ष एवढं असतं की एका घडाला दोन माणसं लागतात, इथपासून ते आमच्या दुकानातून मी चंद्रावरच्या माणसाशी बोललोय, इथपर्यंत. तू माझ्या मांडीला चिमटे काढत होतास. त्या चिमट्यांचे वण आहेत अजून. रेखा पूर्ण वेळ पदराच्या काठाकडे बघत होती. फक्त चंद्राच्या वेळी तिनं मान वर केली आणि हसली. एकदाच. लेका, तेवढ्या हसण्यावर मी परत येताना पिंपळगावपर्यंत जमिनीला पाय लावला नाही, आणि जीपचा ड्रायव्हर साक्षीला आहे.

तिचे वडील, अप्पा, म्हणाले होते, "रविवारी सकाळी फोन करतो. होय का नाय ते सांगतो." त्यांच्याकडे फोन नव्हता. मळ्यातून बाजारात एसटीडी बूथवर जायचं, तिथून करायचा. मध्यस्थ मामांनी हेही कानावर घातलं होतं की सोमवारी तिथं दुसरं स्थळ यायचंय. म्हणजे जे काय ते रविवारी.

रविवार उजाडला. आईनं अंघोळ करून देवापुढे निरांजन लावलं. मग शुभ दिवशी घरातलं सगळं चालू पाहिजे म्हणून मिक्सरला, शिलाई मशीनला आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर भरतकामाचं कव्हर घालून खोलीचं दार लोटून घेतलं. बाहेर येऊन तिनं हुकूम सोडला, "आज कोणी फोनला हात लावायचा नाही. चांदवडचा फोन यायचाय. लाइन मोकळी राहिली पाहिजे."

आणि आम्ही सगळे त्या फोनभोवती बसलो. लाइन मोकळी ठेवून.

आत कव्हरखाली काय चाललं होतं ते तुला ठाऊक आहे. कॉम्प्युटरनं गुपचूप, त्याच एका लाइनवरून, फोन लावला होता. पलीकडच्या यंत्रानं उचलला होता आणि त्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसलं होतं. ते लॉगिन विचारेचना. आणि तुझ्या ओळींनी सांगितलेलं होतं, विचारेपर्यंत थांब. मग ते आज्ञाधारक लेकरू थांबलं. सकाळ गेली. नानांनी पेपर चारदा वाचला, जाहिरातींसकट. आईनं पोळ्या केल्या, त्या कोणी खाल्ल्या नाहीत. मी काहीच बोलत नव्हतो. मी! शेजारचे विचारायला आले, घरात काही वाईट तर झालं नाही ना. दुपार कलली तशी आई म्हणाली, "नकार आहे. चांगल्या घरची माणसं नकार तोंडानं देत नाहीत." नाना म्हणाले, "चंद्राचं कशाला सांगितलंस?"

मी त्या फोनकडे बघत होतो. मला दुसरी मुलगी बघायचीच नव्हती रे. तेवढं मात्र मी कोणाला तिखटमीठ लावून सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही.

अशात तू आलास. आमच्या तोंडांकडे बघितलंस, काही विचारलं नाहीस, आणि सरळ जाऊन रिसीव्हर उचललास. आई किंचाळली, मोडेमसुद्धा लाजला असता. तू रिसीव्हर कानाला लावलास, तर आत डायलटोन नव्हता, नुसती यंत्राची खरखर. मग आतल्या खोलीत गेलास, कव्हर काढलंस. काळी खिडकी, कोरी. वर आईनं लावलेलं कुंकू.

"काकू, फोन सकाळपासून एंगेज आहे," तू म्हणालास. "चूक माझी आहे."

मी म्हटलं, मी आत्ता चांदवडला जातो. आईनं मला हाताला धरून बसवलं. मुलाकडची माणसं होकार मागायला दारात जात नाहीत, त्यातून मुलगा तर नाहीच. आणि हे चालू असताना बाहेर माझ्या स्कूटरचा आवाज आला. तू गेला होतास. गिअर टाकता येत नसताना, कोणी सांगितलेलं नसताना. मला वाटतं दुसऱ्याच गिअरमध्ये तू आग्रा रोड पालथा घातलास.

अंधार पडता पडता परत आलास. पायांच्या मध्ये कांद्याची गोणी, केस उभे. आम्ही सगळे फाटकात. तू स्कूटर स्टँडला लावलीस आणि म्हणालास, "ते उद्या सकाळी फोन करतील. कॉम्प्युटर बंद ठेवा."

बस. सोमवारी फोन आला. होय म्हणाले.

त्यानंतर तू तिथं काय केलंस, हे मी तुला लाख वेळा विचारलं असेल. लाख हा आकडा मी पहिल्यांदाच कमी करून सांगतोय. "काय थापा मारल्यास?" "पाय धरलेस का अप्पांचे?" "धमकी दिलीस?" तू आपला चहा फुंकत बसायचास. मग मीच गोष्ट रचली. घाटात तुला बिबट्या आडवा आला, तू त्याला कांदा फेकून मारलास, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो वाट सोडून गेला. बारशाला, मुंजीला, दुकानात, सगळीकडे मी ती सांगितली. शेवटी म्हणायचो, "पण मंडळी, ही वेळ आणली कोणी? ह्यानंच! टाइमआउट टाकला नाही म्हणून माझं लग्न मोडता मोडता राहिलं." सगळे हसायचे, तूही हसायचास. एकदाही उलटून बोलला नाहीस. पुढे ब्रॉडबँड आलं, मोडेम भंगारात गेले, तुझ्या त्या ओळींची गरज संपली. माझा टोमणा मात्र चालूच होता. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून शेवटच्या संध्याकाळीही मी तेच म्हटलं, तुला हसवायला. आणि तू हसलास.

परवा तुझं तेरावं झालं. घरी येऊन मी ओट्यापाशी उभा राहिलो. रेखा कांदा चिरत होती. मी म्हटलं, "आता कधीच कळणार नाही, दिग्यानं त्या दिवशी तुमच्याकडे काय केलं ते."

ती म्हणाली, "मला विचारा ना. मी होते की तिथं."

"तू कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलं कधी? सगळा वेळ भावजींनाच विचारत बसलात. आणि भावजींनी सांगितलं होतं, सुऱ्यानं विचारल्याशिवाय सांगू नका."

दिग्या, मी सुरी तिच्या हातातून काढून घेतली आणि स्टूल ओढून बसलो. आणि तुझ्या गळ्याची आण, गप्प बसलो.

ती म्हणाली, "बिबट्या नव्हता. ते आले, अप्पा कांदाचाळीपुढे बसून कांदा निवडत होते, तिथं जाऊन बसले. अप्पांनी कांद्याचं विचारलं, त्याचं उत्तर दिलं. रस्त्याचं विचारलं, त्याचं दिलं. फोनचं मात्र अप्पा विचारेनात, त्यांना वाटलं, तुम्ही लोकांनी मुद्दाम रिसीव्हर काढून ठेवलाय. आणि भावजी आपणहून सांगेनात. चहा झाला, दुसरा झाला. दोघं समोरासमोर, नुसते बसलेले. शेवटी मलाच राहवेना. मी बाहेर आले आणि विचारलं, फोन का लागत नव्हता?"

"मग?"

"मग काय, धरण फुटावं तसे बोलले. मोडेम, खिडकी, कव्हर, सासूबाईंचं कुंकू. सगळी चूक स्वतःकडे घेतली. अप्पांना काही कळलं नाही, पण कुंकवाला असे हसले! म्हणाले, 'म्हंजी आमी सकाळपासून फोन फिरवतोय, आन् तुमचा फोन पूजेला बसलेला हाय व्हय!'"

मी म्हटलं, "आणि मग अप्पांनी होकार दिला."

रेखानं नाही म्हणून मान हलवली. "अप्पा सकाळपासून फोन करत होते तो नकार सांगायला. मुलगा लय बोलतो म्हणत होते. सकाळी लागला असता तर संपलंच होतं. भावजींच्या समोरच म्हणाले ते. भावजी खाली बघत बसले."

दिग्या.

"मग मी दुसरं विचारलं. अप्पांच्या समोरच विचारलं. ते नेहमीच इतकं बोलतात का? भावजी म्हणाले, हो. सगळंच खरं नसतं त्यातलं. पण मी चौथीपासून ऐकतोय, मला अजून कंटाळा आलेला नाही." रेखानं चिरलेला कांदा ताटलीत गोळा केला. "मग मी अप्पांना म्हटलं, मला चालेल."

दोन प्रश्न, दोन उत्तरं, आणि लाइन जोडली गेली.

म्हणजे इतकी वर्षं तुझ्या हातात हुकमाचं पान होतं. दर बारशाला, दर मुंजीला मी चारचौघांत तुला चिडवत होतो की तुझ्या त्या थांबण्यानं माझं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि तुला ठाऊक होतं की त्या थांबण्यानंच ते झालं. अर्ध्या मिनिटाचा टाइमआउट असता तर फोन मोकळा झाला असता आणि अप्पांचा नकार सकाळी चहाबरोबर घरपोच आला असता. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं तुला. पण मग मला कळलं असतं की मला नको म्हणत होते. म्हणून तू चहा फुंकलास.

रेखाला मी अजून गोष्टी सांगतो, ती अजून पदराच्या काठाकडे बघते, आणि क्वचित मान वर करून हसते. पोरगी माझ्यावर गेली आहे, शाळेतून रोज तक्रार येते. हे सगळं भरलेलं घर कव्हराखालच्या तुझ्या त्या कोऱ्या खिडकीतून आलंय, मित्रा. तुझे आभार मानायचे राहिले माझ्याकडून, आणि आता मानतोय तेही तू विचारलेलं नसताना.

वाद तू जिंकलास. हे मी लेखी देतोय, आयुष्यात पहिल्यांदा, कुठलंही तिखटमीठ न लावता. मी यायला वेळ लावीन, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत येईन, तुला माहीत आहे. तर तिथं पोचल्यावर एक जागा बघून बस, आणि लेका, टाइमआउट लावू नकोस.